बाहेरच्यांना पूल बंद

गावच्या मास्तरांनी मला कोरी वही आणून दिली आणि म्हणाले, दिवाळी अंकासाठी लिहा. विषय असा की रिसॉर्टचे स्विमिंग पूल तिथं खोली न घेतलेल्या लोकांना उघडावेत का. मी म्हणालो, मास्तर, मी सातवी नापास, मला कशाला विचारता? तर म्हणाले, "भाऊ, या बाजूला बाहेरच्यांना पहिला पूल बंद कुणी केला? तुम्हीच ना? मग तुम्हालाच विचारणार." खरं आहे. म्हणून लिहितो. चुकलेलं मास्तरांनी नीट करावं, पण गोड करू नये.

लोणावळ्याजवळ, कुरवंड्याच्या अलीकडं डोंगराच्या कडेला एक रिसॉर्ट आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या मिठावर तेवीस वर्षं काढली. मी पूलवाला. लोकांना वाटतं पूलवाला म्हणजे गळ्यात शिट्टी घालून उभा राहणारा माणूस. शिट्टी सगळ्यात शेवटी. आधी पाणी राखायचं. पाणी ही वस्तू अशी आहे की ती नुसती ठेवली तरी बिघडते.

सकाळी सहाला पहिलं काम म्हणजे पाण्याची परीक्षा. दोन लहान नळ्या असतात. एकीत थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, त्यावरून क्लोरीन कळतं. दुसरीत लाल होतं, त्यावरून पाणी आंबट आहे की खारं ते कळतं. मग जाळीनं पाला काढायचा, तळ झाडायचा, फिल्टरची वाळू उलट्या पाण्यानं धुवायची. आमच्या पुलाचं सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरायला सहा तास लागायचे. हा सहा तासांचा आकडा ध्यानात घ्या, कारण पैसे भरून आलेला माणूस तो ध्यानात घेत नाही. त्याला वाटतं, एवढं पाणी आहे, चार माणसं जास्त झाली तर काय बिघडतं? बिघडतं. माणूस पाण्यात उतरतो तेव्हा घाम, तेल, पावडर, तंबाखू आणि लाज वाटेल ते सगळं घेऊन उतरतो. पुलाला दवाखान्यासारखा वास आला की पाहुणे खूश व्हायचे, "वा, स्वच्छ आहे!" उलटं असतं साहेब. तो वास घाणीच्या आणि क्लोरीनच्या भांडणाचा. चांगल्या पाण्याला वास नसतो.

लोणावळ्यात त्यात आणखी गंमत. पाहुणे येणार पावसाळ्यात आणि पाणी सगळ्यात वाईट असणार तेही पावसाळ्यात. वरून कोसळलं की क्लोरीन पातळ, आणि कडेनं खेकडे. एकदा एक मोठा खेकडा पायऱ्यांवरून आरामात पाण्यात उतरला. मुंबईचे एक गृहस्थ मला विचारतात, "ये भी गेस्ट है क्या?" मी म्हणालो, "नाही साहेब, हा इथला आहे. गेस्ट तुम्ही." एक आजी दरवर्षी यायच्या, त्या पुलाला हळदकुंकू वाहिल्याशिवाय पाय घालायच्या नाहीत. मी त्यांना वाटी धरायचो. वाटीत वाहा, पाण्यात नको. त्या म्हणायच्या, देवाला पोचलं पाहिजे. मी म्हणायचो, पोचेल, पण फिल्टरमधून नको. आणि साड्या! साडीचा, जीन्सचा धागा सुटतो, रंग सुटतो, वाळूत जाऊन बसतो. म्हणून नायलॉनच्या कपड्याचा नियम. यावरून माझी जितकी भांडणं झाली तितकी भावकीतही झाली नाहीत.

वीस वर्षांपूर्वी रिसॉर्टनं बाहेरच्यांना पूल उघडा ठेवला होता. खोली न घेता नुसतं तिकीट काढायचं, दिवसभर पोहायचं, जेवायचं, संध्याकाळी घरी. एका पावसाळी रविवारी एका कंपनीची माणसं दोन बसनं आली. पुलाला वीस माणसं झेपायची. त्या दिवशी मी मोजायला लागलो आणि त्रेचाळीसला सोडून दिलं.

आमच्या धंद्यात एक जुनी खूण आहे. पुलाच्या तळाला मधोमध पाणी जायची जाळी असते. काठावर उभं राहून ती जाळी दिसली पाहिजे. जाळी दिसेना झाली की पूल रिकामा करायचा, मग आत कुणीही असो. कारण जाळी दिसत नाही म्हणजे तळाला गेलेला माणूसही दिसत नाही. दुपारी तीनला पाण्याला दुधासारखा रंग आला आणि जाळी गेली. मी तेव्हाच्या मॅनेजरकडं गेलो. तो म्हणाला, "अजून तासभर काढा हो, चारला त्यांचा चहा आहे." आणि मी तासभर काढायला परत आलो. हे मी कधी लपवलं नाही, आजही लपवत नाही. शिट्टी माझ्या गळ्यात होती.

थोड्या वेळानं एक बाई हसत हसत म्हणाली, "भय्या, नीचे कुछ नरम लगा पैर को."

मी पाला काढायच्या जाळीची काठी खाली घातली. काठीला माणूस लागला.

उडी मारली, वर काढला, काठावर आडवा केला. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं छातीवर दाबलं, तोंडानं हवा दिली. किती वेळ ते ठाऊक नाही. त्याची बायको शेजारी उभी होती. ओरडली नाही, रडली नाही. त्याचा चष्मा हातात धरून ओढणीनं पुसत राहिली, पुसत राहिली. मग त्यानं पाणी ओकलं आणि खोकला. वाचला. दोन दिवस दवाखान्यात राहून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या कारकुनाकडून कागद लिहून घेतला. बाहेरच्या लोकांना पूल बंद करावा, न केल्यास मी काम सोडतो. खाली सही केली. मॅनेजर घाबरलेलाच होता, त्यानं लगेच मान्य केलं. गेटवर पाटी लागली. मग शेजारच्या दोन रिसॉर्टनीही तशाच पाट्या लावल्या. माझं नाव झालं. "भाऊ म्हणजे कडक माणूस." सरपंचाचे पाहुणे मी परत पाठवले, पोलिसाचे मेहुणे परत पाठवले. नाही म्हणायला मला बरं वाटायचं. असं बरं वाटणं वाईट असतं, ते मला लय उशिरा कळलं.

आता माझ्या घरचं, त्यानंतर बऱ्याच वर्षांचं सांगतो. माझी बायको शेवंता. आयुष्यभर भाताची लावणी केली, वाकून वाकून गुडघे गेले. तळेगावच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, ऑपरेशन आत्ता नको, छातीभर पाण्यात चालत जा, आठवड्यातून एकदा तरी. पाण्यात वजन उचललं जातं, सांधा मोकळा होतो. ती हसतच घरी आली.

"अवं, डॉक्टर म्हनला पान्यात चाला. मी म्हनलं, पानी हाय की, माझ्या मालकाच्याच ताब्यात हाय."

मी म्हणालो, "तिथं बाहेरच्यांना बंद आहे."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. "मी बाहेरची व्हय?"

"खोली घेतलीस का? मग बाहेरचीच. आज तुला घेतलं तर उद्या साठजणी येतील. त्यांना काय सांगू?"

"साट? आख्ख्या गावात म्हाताऱ्या अकरा हायत. त्यातली एक आंधळी, दोगी अंथरुनावर."

मी हात धुवायला उठलो. ती म्हणाली, "मग ओढ्यात चालते." ओढ्यात दगड. एकदा गेली, घोटा मुरगळून आली. पुन्हा गेली नाही.

असे दोन पावसाळे गेले. ती काठी घेऊन चालायला लागली. संडासात बसताना तिला दाराचा आडणा धरावा लागायचा, आणि मी रोज सकाळी उठून अडीच लाख लिटर गुळगुळीत पाणी राखायला जायचो. तिनं एकदाही तोंड सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं.

मग एक दिवस ती मला न सांगता रिसॉर्टवर गेली. तोवर मॅनेजर बदलला होता, हा भला माणूस होता. तो म्हणाला, "मावशी, मंगळवारी सकाळी पूल रिकामाच असतो, माझी काहीच हरकत नाही. पण नियम तुमच्या मालकांचा आहे. ते हो म्हणाले की झालं."

म्हणजे दोन वर्षं अडवलं होतं ते रिसॉर्टनं नाही. मी विचारलंसुद्धा नव्हतं. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. घरी आल्यावर तिनं हे मला सांगितलं, भाकरी वाढली, आणि समोर बसून म्हणाली, "मला एकटीला घ्या म्हनून न्हाई म्हनत. एकटीला घेतलं तर लोक बोलतील, ते तुमचं खरं हाय. सगळ्यांस्नी घ्या."

"नायलॉनचे कपडे कुठून आणणार? तिथं लुगडं चालत नाही."

"ते माझ्यावर सोडा."

पावसाळ्यात आमच्याकडं वाऱ्यानं छत्र्या उलट्या होतात. पाहुणे मोडकी छत्री टाकून जातात, नवी घेतात. रिसॉर्टच्या अडगळीत असा ढीग पडलेला असायचा. शेवंतानं ते कापड काढलं, धुतलं आणि शिलाई मशीनवर ढगळ झगे आणि पायजमे शिवले. छत्रीचं कापड म्हणजे नायलॉनच. पाणी धरत नाही, धागा सोडत नाही. मी बादलीत क्लोरीन घालून तुकडा तीन दिवस भिजवून बघितला. रंग सुटला नाही. नियमात बसलं. आता मला नाही म्हणायला सबब उरली नाही, मी मॅनेजरला हो सांगितलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी आठजणी आल्या. चौघी आमच्या बौद्ध वस्तीतल्या, चौघी वरच्या आळीतल्या. काळे झगे घालून ओळीनं उभ्या राहिल्या. एकीनं शेवंताला टोमणा मारला, "बया, पाऊस आला तर तुलाच उगडून धरू गं!" सगळ्या हसल्या. मग वरच्या आळीतली एक म्हातारी हळूच मला म्हणाली, "भाऊ, आमी आदी उतरतो. आमचं झालं की मग ह्या."

का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी शिट्टी वाजवली. उगाचच, कारण पाण्यात कुणीच नव्हतं. म्हणालो, "पाणी एक, फिल्टर एक. आठजणी एकदम उतरायचं, न्हाईतर आठजणींनी एकदम घरी जायचं."

त्या एकमेकींकडं बघत राहिल्या. शेवंता कुणाची वाट न बघता कठडा धरून पायऱ्या उतरली. पाणी छातीला लागल्यावर तिनं जो आवाज काढला तो मी लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. ओरडणं नव्हे, हसणं नव्हे. जड पाटी डोक्यावरून उतरवल्यावर बाईमाणूस जसं "आई गं" म्हणतं, तसं काहीतरी. ते ऐकून ती म्हातारी म्हणाली, "सरक गं, मला बी यिऊ दे." आणि सगळ्या उतरल्या.

तेव्हापासून मंगळवार लागला. त्या कठड्याला धरून चालायच्या, सुनांच्या चुगल्या करायच्या, बाहेर येऊन चहा प्यायच्या. पाणी एकदाही गढूळ झालं नाही. शिमग्यापर्यंत शेवंतानं काठी टाकली. एका मंगळवारी घरी येऊन ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि तांदूळ निवडायला लागली. मी दारात उभा राहून बघत होतो. ती म्हणाली, "काय बगता? बसता येतंय मला."

पुढं मी निवृत्त झालो. वर्षभरानं तिच्या पोटात दुखणं निघालं आणि तीन आठवड्यांत ती गेली. गुडघे शेवटपर्यंत चांगले होते. लोक म्हणतात, भाऊ, तुम्ही तिला सुख दिलंत. मी त्यांना सांगतो, दीड वर्ष दिलं, दोन वर्षं अडवलं. हिशेब सरळ आहे, त्यात मला समजूत घालू नका.

तिच्या पुण्यानुमोदनाला उरलेल्या सातीजणी आल्या होत्या. वरच्या आळीतली ती म्हातारी आमच्या घरात जेवली.

यंदा रिसॉर्टला आणखी नवा मॅनेजर आला. पोरगा हुशार आहे. त्यानं जुनी फाईल उघडली आणि मला बोलावून घेतलं. "आबा, मंगळवारचं मी बंद करणार होतो. बाहेरच्यांना बंद म्हणून हा कागद आहे. आणि सही तर तुमचीच आहे."

मी कागद बघितला. वीस वर्षांपूर्वीचा. त्या रविवारी माणूस बुडाला तो पाणी गढूळ होतं म्हणून. माणसं वीसच्या जागी त्रेचाळीस होती म्हणून. मॅनेजरनं ऐकलं नाही आणि मी शिट्टी मारली नाही म्हणून. यातलं एकही कागदावर नव्हतं. कागदावर होतं फक्त 'बाहेरचे'. खोली घेऊन राहिलेली त्रेचाळीस माणसं असती तरी तो बुडालाच असता. मी दोष ओळखला होता, पण लिहिताना भलत्याच्याच नावावर टाकला, कारण स्वतःच्या नावावर टाकायचा नव्हता.

मी त्या पोराला सांगितलं, "साहेब, हा कागद चुकीचा आहे. नवा घ्या. तळाची जाळी दिसत नसेल तर कुणालाच उतरू द्यायचं नाही, मालकाच्या पाहुण्यालाही नाही. जाळी दिसत असेल तर फिल्टरला झेपतील तेवढी माणसं, मग ती कुठलीही असोत."

त्यानं फाईल मिटली. "मंगळवारी तुम्ही स्वतः काठावर उभे राहाल?"

"राहीन."

तर आता मी पुन्हा मंगळवारी काठावर असतो. हे सगळं मास्तरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, झालं तर मग, लेख संपला. पण गेल्या महिन्यात जे झालं ते राहिलंय.

शेवंता गेल्यापासून त्या सातजणीच उतरतात. कठड्याच्या सुरुवातीला, पायऱ्यांजवळ, तिची जागा होती. ती त्यांनी तशीच मोकळी ठेवली आहे. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. मलाही ते बरं वाटायचं.

एक बाई यायला लागली. कमळाबाई नाव. लातूरकडची, मुलगा तुंगार्लीला एका बंगल्यावर वॉचमन आहे, त्याच्याकडं राहते. तीन मंगळवार ती गेटबाहेर उभी राहिली. चौथ्या मंगळवारी नायलॉनचा झगा शिवून घेऊनच आली. दोन्ही गुडघे आतल्या बाजूला वळलेले. मला म्हणाली, "दादा, मला बी चालायचं हाय पाण्यात."

मी उत्तर द्यायच्या आधी पाण्यातून आवाज आला. "भाऊ, ती आपल्या गावची न्हाई."

दुसरी म्हणाली, "बाहेरची हाय. हिला घेतली तर उद्या तुंगार्लीच्या समद्या येतील."

तिसरी जरा दबक्या आवाजात म्हणाली, "आन ती जागा शेवंताची हाय."

त्या वाईट बायका नाहीत. माझ्या बायकोची जागा राखत होत्या. पण जे बोलत होत्या ते माझंच बोलणं होतं, शब्दही फारसे बदललेले नव्हते. आणि खरं सांगायचं तर माझ्याही तोंडात 'नाही' तयार होतं. ती जागा भरलेली मलाही बघायची नव्हती.

शेवंता असती तर काय म्हणाली असती, असा विचार मी केला नाही. तिला जे म्हणायचं होतं ते तिनं भाकरी वाढून समोर बसून एकदा म्हटलेलं होतं.

"सरका," मी सातजणींना म्हणालो. "पायऱ्यांजवळ जागा करा."

त्या सरकल्या. लगेच नाही, पण सरकल्या. कमळाबाई कठडा धरून एकेक पायरी उतरली. मधेच थांबली, दात वाजायला लागले. जी म्हणाली होती जागा शेवंताची आहे, तिनंच हात पुढं केला. "धर. पाय आपटू नगं. घासत चाल, हळू." कमळाबाई एक फेरी गेली, परत आली, पुन्हा गेली. अर्ध्या तासानं वर आली तेव्हा झग्यातून पाणी गळत होतं आणि ती थरथरत होती. मी टॉवेल दिला.

तिनं तोंड पुसलं आणि विचारलं, "दादा, पुन्हा यायचं झालं तर कुणाला इचारायचं?"

मी म्हणालो, "कुणालाच न्हाई. मंगळवारी यायचं."